पुरवणीवाले मामा

मामांना शिकवता काहीच येत नव्हतं, आणि हे ते स्वतःच पहिल्या दिवशी सांगून टाकायचे. "मी नववी नापास. मला गणित-बिणित विचारायचं नाय. त्याला मॅडम आहेत." एवढं बोलून ते दाराजवळच्या लाकडी खुर्चीत बसायचे, मांडीवर कागदांचा गठ्ठा घ्यायचे आणि आम्ही काहीतरी चोरणार आहोत अशा नजरेने तीन तास आमच्याकडे बघत राहायचे. गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या होत्या, फार चांगलं शिकवायच्या, बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी न चुकता यायच्या. तरी आमच्या कोपर स्टेशनजवळच्या चाळींमध्ये त्या क्लासला कुणी मॅडमचा क्लास म्हटलं नाही. तो मामांचाच क्लास होता.

मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. शाळेतल्या शिपायाला मामा म्हणतात, तसे. डोंबिवलीतल्या एका शाळेत त्यांनी उभी नोकरी शिपाई म्हणून केली होती. निवृत्तीच्या समारंभात शाळेने शाल आणि नारळ काढला, तर हे म्हणाले, शाल नको, घंटा द्या. शाळेत विजेची बेल आल्यापासून ती जुनी पितळी घंटा अडगळीत पडून होती. मोठ्या बाईंनी सांगितलं, ती शाळेची मालमत्ता आहे, देता येणार नाही. मामा "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. निवृत्त झालेला माणूस रोज सकाळी शाळेच्या दारात उभा, म्हटल्यावर मोठ्या बाईंनी कंटाळून कमिटीला विचारलं आणि घंटा पोत्यात घालून देऊन टाकली. हा प्रसंग ते फार रंगवून सांगायचे. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी पदवी असावी.

आमच्या विहाराचा हॉलही त्यांनी असाच मिळवला. रविवारी सकाळची वंदना आटपली की हॉल दुपारपर्यंत रिकामा असतो हे त्यांनी हेरलं होतं. विहाराच्या कमिटीवरची माणसं म्हणाली, विचार करू. मामा पुढच्या रविवारी आले, "झाला का विचार?" त्याच्या पुढच्या रविवारीही आले. मग एका रविवारी हॉलच्या खिडकीच्या गजाला ती पितळी घंटा टांगलेली दिसली, आणि अकराच्या ठोक्याला ती वाजली तेव्हा शेजारच्या चाळीतली माणसं कुठे आग लागली की काय म्हणून बाहेर आली.

रविवारचा क्लास म्हणजे परीक्षा. दर रविवारी. पंधरा-वीस पोरं, सगळी नववी-दहावीची. फरशीवर खडूने आसन क्रमांक लिहिलेले असायचे. पुठ्ठ्याची हॉल तिकिटं मामांनी स्वतःच्या हाताने केली होती आणि ती घरी विसरली तर परत घरी जाऊन आणावी लागायची. त्या दिवशी मामा खाकी शर्ट घालायचे आणि त्यांना मामा म्हटलेलं चालायचं नाही. "परीक्षेत मी सर. भायेर मामा." प्रश्नपत्रिका मॅडम काढून ठेवायच्या, ती लाखेने बंद केलेल्या पाकिटातून निघायची. लाख कुठून आणायचे ते देव जाणे.

उत्तरपत्रिका मात्र मामांची खास होती. एका बाजूने छापलेले ऑफिसचे रद्दी कागद दुमडून शिवलेली, आणि मुद्दाम फक्त चार पानांची. एवढ्यात पेपर मावणं शक्यच नव्हतं. पानं संपली की हात वर करून पुरवणी मागायची. पुरवण्या मामांच्या मांडीवर. आणि मामांचा नियम असा की पहिल्यांदा मागितली की नाही म्हणायचं.

"सर, पुरवणी."

"नाय मिळणार."

आता काय करायचं, हे ज्याला कळलं तो त्या क्लासमधून पास. करायचं एवढंच की हात पुन्हा वर करायचा आणि तेच पुन्हा म्हणायचं. कारण सांगायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही, चेहरा बापुडवाणा करायचा नाही. आमच्यातला संकेत नावाचा एक उंचाडा मुलगा एकदा म्हणाला, "सर, जमलं तर एखादी..." मामा म्हणाले, "जमलं तर? मग नाय जमत." बिचारा पुढचा अर्धा तास नुसता बसून होता. बाहेर आल्यावर वैतागून म्हणाला, "म्हातारा सटकलेला आहे यार."

आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटायचं. असल्या खेळाचा दहावीशी काय संबंध, हे मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा मामांनी मला त्यांचा सिद्धांत सांगितला. परीक्षेच्या हॉलमध्ये ते वर्षानुवर्षं पाण्याचा जग घेऊन फिरले होते. पाणी सांडू नये म्हणून खाली बघून चालायची सवय. त्यामुळे त्यांना पोरांची तोंडं दिसायची नाहीत, पाय दिसायचे.

"बूटवाली पोरं दणादण पुरवण्या मागतात. चपलावाली मागत नायत. कागद संपत आला की अक्षर बारीक करतात. समासात लिवतात. पानाच्या खाली ओळ वाकडी करून कोंबतात. आणि कागद संपला की पेन ठेवतात, वर पंख्याकडे बघत बसतात. उत्तर येत असतं गं त्यांना. पण घरात शिकवलेलं असतं ना, दिलं तेवढ्यात भागवायचं." मग म्हणाले, "मी पण तसाच होतो. नववीला माझं पेन संपलं. दुसरं मागितलं नाय."

हे ऐकताना मी माझ्या पायांकडे बघितलं. निळ्या पट्ट्याच्या स्लिपर होत्या.

माझं सगळं घरच तसं होतं. बाबा गेल्यापासून आई डोंबिवलीत बिल्डिंगींमध्ये पोळ्यांची कामं करायची. चार घरं होती. सुट्टीत मी तिच्यासोबत जायचे, तेव्हा दाराबाहेरच ती मला बजावायची, कुणी काही विचारलं तरी नको म्हणायचं. पाणी विचारलं तरी नको. खरंच तहान लागली असेल तर घरी जाऊन प्यायचं. आईचा त्यात मान होता, आणि तो मान तिने फार कष्टाने जपला होता. मी हे शिकले आणि चांगलं शिकले. इतकं की शाळेच्या पूर्वपरीक्षेत मी एका पानावर तीन-तीन गणितं कोंबली. आकडे एकमेकांत घुसले, एकाचा सात झाला, एक भूमितीचं उत्तर तर पानाच्या कडेवरून चढून वर गेलं. पेपरवर लाल शेरा आला, 'वाचता येत नाही', आणि मी गणितात नापास झाले. मॅडमनी तो पेपर भिंगातून वाचल्यासारखा वाचला आणि मामांना म्हणाल्या, "हिला गणित येतं. हिला कागद वापरता येत नाही." मामा एवढंच म्हणाले, "मग ती माझ्याकडची केस."

आईने मात्र सरळ हिशोब मांडला. ती चिडली नाही, रडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "बोर्डात पास झालीस तर कॉलेजला जा, मी अडवणार नाही. नाही झालीस तर जूनपासून माझ्यासोबत चल. नव्या टॉवरमध्ये दोन घरं विचारतायत." तिच्या बोलण्यात धमकी नव्हती. म्हणूनच मला जास्त भीती वाटली, कारण ती घरं खरी होती आणि जून काही फार लांब नव्हता.

मला पुरवणी मागता यायला किती रविवार गेले, ते आठवलं तरी आज हसू येतं. पहिल्या खेपेला आवाजच फुटला नाही. दुसऱ्या खेपेला मी हात कानापर्यंत नेला आणि केस नीट केल्यासारखं करून खाली आणला. मामा खुर्चीतून ओरडले, "ते काय? माशी हाकलतेस? वर म्हणजे वर. पंख्याला लागला पायजे." कागद वाचवायची सवयही सुटेना. एका पानावर एकच गणित लिहायचं आणि खालची जागा कोरी सोडून द्यायची, हे मला पाप वाटायचं. "सोड ती जागा," मामा म्हणायचे. "झाडं वाचवायला दुसरी माणसं नेमलेली आहेत." नाही म्हटलं की माझे डोळे भरायचे. तेव्हा ते मुद्दाम माझ्याकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे, "पहिलं नाय सगळ्यांसाठी असतं. दुसरं नाय तुझ्यासाठी. ते येऊ दे, मग बघू."

त्यात एक भानगड झाली. एका शनिवारी मी आईसोबत कामाला गेलेले. त्या घरातल्या आजींनी कोकम सरबताचा ग्लास पुढे केला, आणि मी नको म्हणायच्या ऐवजी तो घेतला. वर पिऊन झाल्यावर हात चांगला पंख्याच्या दिशेने नेऊन म्हटलं, "आजी, अजून एक." आजींना इतकं हसू आलं की त्यांनी जगच आणला. आईचा चेहरा मात्र उतरला. रिक्षा स्टँडपर्यंत ती माझ्या पुढे भराभर चालत राहिली. मग म्हणाली, "लोकांच्या घरात मागायला शिकवतो का तो म्हातारा? भीक मागायला शिकवतो?" त्या दिवसापासून माझा क्लास बंद. बोर्ड सव्वा महिन्यावर आलेला.

पुढच्या रविवारी माझं आसन रिकामं राहिलं. सोमवारी संध्याकाळी मामा आमच्या दारात उभे.

"पोरीला पाठवा."

"नाही पाठवणार," आई म्हणाली.

"बरं," म्हणून ते गेले. मंगळवारी त्याच वेळेला परत दारात. "पोरीला पाठवा." आई पुन्हा नाही म्हणाली. मी आतून बघत होते. मला वाटत होतं, आता ते पायांची गोष्ट सांगतील, माझ्या पेपराची सांगतील, आईला समजावतील. एक अक्षर नाही. कारण सांगायचं नाही हा नियम त्यांना स्वतःलाही लागू होता. बुधवारी ते आले तेव्हा आई कपडे वाळत घालत होती. ती वैतागून म्हणाली, "तुम्हाला नाही म्हटलेलं ऐकू येत नाही का हो?"

"येतं की. म्हणून तर परत आलो."

आईने हातातला कपडा दोरीवर टाकला. मग तिला हसू आलं. बाबा गेल्यापासून तिला असं मनापासून हसताना मी फारसं बघितलं नव्हतं. "जा बाई," मला म्हणाली, "नाहीतर हा माणूस रोज दारात उभा राहील." मामा तरी हलले नाहीत. "चहा असेल तर द्या," म्हणाले. आईने दिला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी रिकामा कप पुढे केला आणि अजून अर्धा मागितला. निर्लज्ज माणूस होता, आणि मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

बोर्डाच्या गणिताच्या पेपराला मी एका पानावर एक गणित लिहीत गेले. अक्षर मोकळं, आकडे सुटे सुटे. पूर्ण वेळ मामांची घंटा डोक्यात होती. शेवटची दोन मोठी गणितं राहिली आणि उत्तरपत्रिका संपली. मी हात वर केला. पंख्याला लागला नाही, पण बराच वर गेला.

"सर, पुरवणी."

पर्यवेक्षक वयस्कर होते, कंटाळलेले होते. त्यांनी माझी पानं उलटून बघितली. "अगं, अर्धी अर्धी पानं कोरी आहेत की. त्यात लिही ना. एवढं ऐसपैस कशाला लिहायचं?" आणि ते पुढे गेले.

मी हात खाली घेतला. खोटं कशाला सांगू, मी पेन त्या कोऱ्या जागेवर टेकवलंसुद्धा. पूर्वपरीक्षेचा तो लाल शेरा डोळ्यांपुढे आला. नव्या टॉवरमधली ती दोन घरं डोळ्यांपुढे आली, जी मी कधी बघितलीही नव्हती. मग मनात म्हटलं, हे तर पहिलं 'नाय' झालं. सगळ्यांसाठी असतं ते. मी उठून उभी राहिले आणि हात सरळ वर केला.

"सर, पुरवणी."

ते वळले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी एक सुस्कारा सोडला, टेबलावरून पुरवणी उचलली, सही केली आणि माझ्यापुढे ठेवली. बस. एवढंच होतं ते. ज्याच्यासाठी मी रविवारचे रविवार रडले होते, ते एका माणसाने सुस्कारा सोडून देऊन टाकलं. मी लिहायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "सर, मला पण." कोण मुलगी होती मला माहीत नाही. पेपर सुटल्यावर मी वळून फक्त तिचे पाय बघितले. चपला होत्या. मला इतका आनंद झाला की शेवटचं गणित बरोबर आलं की नाही याची काळजीच गेली.

गेटबाहेर सगळे आईबाप पेपर कसा गेला, सोपा होता का, असं विचारत होते. त्या गर्दीत खाकी शर्ट घातलेले मामा आमच्यातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, "किती?" मी दोन बोटं दाखवली. पहिल्यानंतर अजून एक मागून घेतली होती, आणि तेव्हा मात्र सरांनी न बोलता दिली. संकेतने तीन बोटं दाखवली. "बरं," म्हणून मामा पुढच्या पोराकडे वळले. शेजारच्या एक बाई त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत होत्या.

आता मी ठाण्यात वर्तकनगरला एका लॅबमध्ये नोकरी करते. बढती मिळाली तीसुद्धा दुसऱ्यांदा मागून. मामा मुलाकडे माजिवड्याला राहायला गेले, तेव्हा मला वाटलं, म्हातारा आता आराम करेल. सहा महिन्यांत त्यांचा फोन. त्यांच्या टॉवरच्या क्लब हाउसमध्ये सोसायटीच्या सफाईवाल्यांच्या आणि वॉचमनच्या पोरांसाठी क्लास सुरू झालेला. सोसायटीची कमिटी पाच वेळा नाही म्हणाली, असं ते मोठ्या समाधानाने सांगत होते. "तुझे रविवार पायजेत," म्हणाले. मी म्हटलं, मामा, रविवारी जमत नाही हो. फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन वाजला. आता महिन्यातले दोन रविवार मी त्या खुर्चीत बसते आणि मांडीवर पुरवण्या घेऊन पोरांना नाही म्हणते. हे मागण्यापेक्षाही अवघड काम आहे. समोरचं पोर दुसऱ्यांदा हात वर करेपर्यंत माझाच जीव वरखाली होत असतो.

पण मला सांगायचंय ते आमच्या निकालानंतरचं. शुक्रवारी निकाल लागला. मी पास झाले. गणितात शंभरातले चौऱ्याहत्तर. आईने मोबाईलवरचा तो आकडा तीनदा वाचून घेतला आणि मग पदराने स्क्रीन पुसली. टॉवरमधल्या दोन घरांना तिने दुपारीच कळवून टाकलं की मुलगी कामाला येणार नाही, तिचं कॉलेज आहे. हे वाक्य तिने दोन्ही घरी बोलून दाखवलंच, वर गरज नसताना वाण्यालाही सांगितलं.

रविवारी ती पेढे घेऊन माझ्यासोबत विहारात आली. धाकटी बहीण बरोबर होती, नववीत जाणारी. नवी पोरं आलेली, परीक्षा सुरू होती, म्हणून आई दारातच थांबली. मामा खुर्चीत होते. हॉल गच्च भरला होता, खडूचे आकडे भिंतीपर्यंत गेले होते. मी मामांशी बोलायला पुढे होणार, तर आईने माझा दंड धरून मला मागे केलं. आणि तिने हात वर केला. माझी आई, जी दुसऱ्याच्या घरी पाणीसुद्धा घ्यायची नाही, तिने पोरांसारखा हात वर केला. बांगड्या कोपरापर्यंत खाली घसरल्या.

"दादा, हिला बसायला जागा."

मामांनी तिच्याकडे बघितलं. पेढ्याच्या पुड्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाय. जागा नाय."

आईचा हात खाली आला. ती वळली. पायऱ्यांशी काढलेल्या चपलांत तिने एक पाय घातला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आई, हे पहिलं आहे. हे सगळ्यांसाठी असतं. पण सांगायचं नसतं, मामांचा नियम होता. मी ओठ दाबून उभी राहिले. धाकटी माझ्याकडे बघत होती, आत पोरांची पेनं चालली होती.

आईने चपलेतून पाय काढला. परत दारात येऊन उभी राहिली. या वेळी हात पार वर, पंख्याच्या दिशेने.

"दादा, जागा पाहिजे."

मामा उठले. मांडीवरच्या पुरवण्या त्यांनी खिडकीत ठेवल्या, आपली लाकडी खुर्ची उचलून दाराबाहेर नेली आणि ती होती त्या फरशीवर वाकून खडूने एक नवा आकडा लिहिला. धाकटी जाऊन त्यावर बसली. आई पेढ्यांचा पुडा छातीशी धरून तशीच उभी होती, तोंडाला पदर लावून हसत होती, रडतही होती.

माझा निकाल शुक्रवारी लागला होता. आईचा त्या रविवारी लागला.